बर्फासाठी बटाट्याचं पीठ

माझं काम आवाजाचं.
पडद्यावर कुणी चाललं की मी अंधारात चालते,
त्याच्या पावलाबरहुकूम.
बर्फ म्हणजे चामडी पिशवीत बटाट्याचं पीठ.
हाड मोडायचं तर सेलरीचा दांडा,
वर ओलं फडकं, नाहीतर कोशिंबिरीसारखा वाजतो.
बुडापेस्टच्या त्या तळघरात वीस वर्षं
मी कितीतरी माणसं मोडली
आणि उरलेल्या दांड्यांचं रात्री सूप केलं.

त्या हिवाळ्यात सिनेमा होता पळून जाण्याचा.
कैद्यांची मालगाडी. नायक
चमच्याने फळी उचकटतो दीड मिनिटात,
धावत्या गाडीखाली अंग सोडून देतो,
रुळांमध्ये निजतो, वरून डबे जातात,
उठतो, आणि भांग जागच्या जागी.
दिग्दर्शक म्हणाले, फळी अशी फुटली पाहिजे
की शेवटच्या रांगेतली बाई दचकली पाहिजे.
मी फळांची खोकी फोडली. सात.

बेर्तालान चोमा, आमच्या फाटकावरचा म्हातारा,
कोळशाची बादली घेऊन आला होता.
थांबला. पाहिलं.
"फळी वाजली असती तर मी इथे नसतो, बाई."
शेगडीत कोळसा घातला नि गेला.

तीन दिवस मी त्याच्या मागे.
चौथ्या दिवशी, सूर्यफुलाच्या बिया सोलत, बोलला.
चमचा नव्हता, बुटाच्या टाचेची नाल होती.
दीड मिनिट नव्हतं, नऊ रात्री होत्या.
आणि भोक आधीपासूनच होतं.
चाळीस जणांना हगवण, डब्याला एक भोक,
तेच आम्ही रुंद केलं.
फळी मुतानं कुजली होती.
शौर्य म्हणाल तर तिचं.
गाडी उभी होती, पाणी भरत होती.
धावत्या गाडीतून उतरतात ते सिनेमातले,
नाहीतर मेलेले.

पहारेकऱ्यांचा गणवेश कोणता दाखवायचा
ते त्या वर्षी वरून ठरून आलं होतं.
चोमाच्या आठवणीतला नव्हता तो.
त्यावर तो काही बोलला नाही.

आणि आवाज?
पट्ट्याचं बक्कल तोंडात धरलेलं, किणकिणू नये म्हणून.
दात बक्कलवर वाजू नयेत म्हणून
मध्ये जीभ.
त्यानं जीभ काढून दाखवली. कडेला पांढरा वण.

मग बराच वेळ नुसत्या बिया.
मग वेंडेल निघाला.
केच्केमेतचा, घड्याळं दुरुस्त करणारा,
भोकापाशी निजायचा.
त्याच्या पायांवरून जावं लागणार होतं
आणि तो जागा होता.
"चल" म्हणावं, तर मागे आणखी अडतीस.
तो बोलला नाही, मी बोललो नाही.
त्यानं पाय तेवढे पोटाशी ओढून घेतले.

सकाळी मोजणीत एक कमी भरला
की स्थानकावरचा कुणीही उचलत,
सांधेवाला, दूधवाला, कुणीही.
आकडा जुळला पाहिजे.
"माझ्या जागी कोण चढला ते कळलं नाही.
तुमच्या सिनेमात नाहीच तो."
टरफलं त्यानं रुमालात गोळा केली,
एकही खाली पडू दिलं नाही.

रात्री मी एकटी बसले,
ओकची फळी, लोकरी मोजा.
मोजा फळीवरून ओढायचा, अर्धा सेकंद.
अकराव्यांदा जमलं.
दिग्दर्शकांनी कान लावला: काय आहे हे?
काहीच तर नाही.
वर व्हायोलिन घातली त्यांनी, सोळा.
फळीही फोडली, माझीच, सातव्या खोक्याची.
मोजा काढायचा मात्र विसरले.
चौथ्या रिळात आहे अजून, व्हायोलिनच्या खाली.

पहिल्या खेळाला चोमा टाय लावून आला.
फळी फुटली तेव्हा टाळ्या पडल्या,
नायक पळत सुटला, पीठ करकरलं.
ट्रामची वाट बघताना मी विचारलं,
ऐकलंत का?
"काय?" तो म्हणाला.
मग ट्राम दिसल्यावर:
"तो पळाला कसा लगेच? माझे पाय चालेनात,
त्याच डब्याच्या चाकाला टेकून बसलो होतो.
आणि पाव फार पांढरा होता त्यांचा."